विश्लेषण : लायरा आणि तिचा रूप बदलणारा ‘पॅन’… एक मुलगी आणि प्राण्याच्या नात्याने वाचकांना ३० वर्षे का बांधून ठेवले?

ब्रिटिश लेखक फिलिप पुलमन यांची ‘द रोझ फील्ड’ ही कादंबरी ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९५ मध्ये सुरू झालेली लायरा या मुलीची कथा तीस वर्षांनी पूर्ण झाली. या कथेत चिलखत घालणारी अस्वले आहेत, चेटकिणी आहेत, एकमेकांना लागून असलेली अनेक जगे आहेत. तरीही वाचकांच्या मनात घर करून राहतो तो पॅन. तो लायराचा सोबती. कधी पतंग, कधी रानमांजर, कधी पक्षी. हे दोघे जन्मापासून एकत्र आहेत, पण त्यांच्यातील विश्वास जन्मजात नाही. तो घडतो, मोडतो आणि पुन्हा जोडावा लागतो. हे नाते नेमके काय आहे, याचा आढावा.

‘डीमन’ म्हणजे काय?

लायराच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा शरीराच्या आत नसून बाहेर, एका प्राण्याच्या रूपात असतो. त्याला ‘डीमन’ म्हणतात. उच्चार इंग्रजीतील राक्षसवाचक शब्दासारखा असला तरी अर्थ तो नाही. मूळ ग्रीक ‘दैमोन’मध्ये आहे. आपल्याला चूक करण्यापासून रोखणारा एक आतला आवाज ऐकू येतो, असे सॉक्रेटिस सांगत असे, त्या कल्पनेच्या हा शब्द जवळ जातो.

डीमन बोलतो, विचार करतो, वाद घालतो. बहुतेक वेळा स्त्रीचा डीमन नर आणि पुरुषाचा मादी असतो. माणूस आणि डीमन एकमेकांपासून काही पावलांपलीकडे जाऊ शकत नाहीत. गेले तर दोघांच्याही छातीत असह्य कळ येते. दुसऱ्याच्या डीमनला हात लावणे हा त्या जगातला सर्वात मोठा मर्यादाभंग. माणूस मेला की डीमनही विरून जातो. लायराच्या डीमनचे पूर्ण नाव पँटालायमन, लाडाने पॅन.

ही कल्पना आली कुठून?

पुलमन हे पूर्वी ऑक्सफर्डमध्ये शाळाशिक्षक होते. पहिल्या प्रकरणात एक मुलगी मनाई असलेल्या खोलीत शिरते, एवढे त्यांना ठाऊक होते. पण कथा पुढे सरकत नव्हती. ती एकटी नाही, तिच्यासोबत तिचा डीमन आहे, हे सुचले तेव्हा गाडी रुळावर आली, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. लिओनार्दो दा विंची यांच्या ‘लेडी विथ अ‍ॅन एर्मिन’ या चित्राचाही ते उल्लेख करतात. त्या चित्रातील तरुणी आणि तिच्या हातातील पांढरा एर्मिन दोघेही एकाच दिशेला पाहत आहेत. एर्मिन म्हणजे मुंगसासारख्या लांबट बांध्याचा, हिवाळ्यात पांढरा होणारा छोटा प्राणी. पॅन लायराच्या कुशीत झोपताना अनेकदा हेच रूप घेतो.

मराठी वाचकाला यावरून वेगळीच गोष्ट आठवेल. राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, ही आजीच्या गोष्टींतली कल्पना. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने आपली आया अ‍ॅना लिबराटा डिसूझा हिच्याकडून ऐकलेल्या गोष्टी ‘ओल्ड डेक्कन डेज’ या नावाने १८६८ मध्ये छापल्या. त्यातील एका गोष्टीत जादूगाराचा प्राण दूर रानात, पिंजऱ्यातल्या हिरव्या पोपटात ठेवलेला आहे. पोपटाचा पंख तुटला की जादूगाराचा हात निखळतो. प्राण शरीराबाहेर असण्याची कल्पना जगभरच्या लोककथांत सापडते.

फरक महत्त्वाचा आहे. लोककथेतला जादूगार आपला प्राण लपवतो, कारण त्याला कोणावरही विश्वास टाकायचा नाही. तो पोपट एक शब्द बोलत नाही. लायराचा प्राण मात्र तिच्या खांद्यावर बसलेला असतो आणि सतत तिला प्रश्न विचारत असतो.

रूप बदलते का आणि थांबते कधी?

लहान मुलांचे डीमन क्षणाक्षणाला रूप बदलतात. भीती वाटली की उंदीर, भांडण पेटले की रानमांजर, लपायचे असेल तर पतंग. वयात येताना हे थांबते आणि डीमन एका रूपात कायमचा स्थिरावतो. नोकरांचे डीमन बहुधा कुत्रे असतात, तर कोणाचा साप, कोणाचा पक्षी.

उत्तरेकडे निघालेल्या जहाजावर लायरा एका म्हाताऱ्या खलाशाला विचारते की, हे रूप बदलणे थांबतेच कशाला? त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की रूप ठरले की आपण कोणत्या प्रकारचे माणूस आहोत हे कळते. सिंह हवा असताना नशिबी छोटे कुत्रे आलेली माणसेही असतात आणि ते मान्य करेपर्यंत ती कुढत राहतात. मोठे होणे म्हणजे काय, याचे इतके सोपे उत्तर बालसाहित्यात क्वचित सापडते.

दोघांत विश्वास वाढतो कसा?

पहिल्याच प्रसंगात दोघांचे पटत नाही. ऑक्सफर्डमधील जॉर्डन कॉलेजात वाढलेली ही अकरा-बारा वर्षांची मुलगी विद्वानांच्या खासगी खोलीत शिरते. पतंगाच्या रूपातला पॅन तिला मागे फिरायला सांगतो. ती ऐकत नाही. लपून बसली असताना कॉलेजचे प्रमुख मद्याच्या सुरईत विषारी पूड मिसळताना तिला दिसतात. मद्य लॉर्ड अ‍ॅस्रिएलसाठी आहे, ज्याला ती आपला काका समजते. आपण यात पडू नये, असे पॅनचे म्हणणे. पाहूनही गप्प बसणार कसे, असे लायराचे. ती त्याला सावध करते आणि अ‍ॅस्रिएलचा जीव वाचतो.

इथे पॅन सावध आहे, लायरा बेधडक. पुढे पारडे उलटसुलट होत राहते. लायरा पट्टीची थापाडी आहे, पण पॅनला तिची थाप कळते. लंडनमध्ये श्रीमंत, देखण्या मिसेस कूल्टरच्या घरी राहताना लायरा तिच्यावर भाळते. एका पिशवीवरून लायरा हट्ट करते तेव्हा मिसेस कूल्टरचे सोनेरी माकड पॅनला जमिनीवर दाबून धरते. वेदना दोघांनाही होते, लायरा माघार घेते. दोघे त्या घरातून पळतात, ते एकमताने.

ताटातुटीची चाचणीही होते. किती दूर जाता येते, हे त्या जगातली सगळीच मुले कधी ना कधी ताणून पाहतात आणि कळ असह्य झाली की धावत परत येऊन एकमेकांना बिलगतात. उत्तरेत एका महाकाय अस्वलापाशी जावे की नाही, यावरून लायरा आणि पॅनमध्येही अशीच ओढाताण होते. त्यानंतर दोघांना एक गोष्ट पक्की कळते, की वाद होतील, पण सोडून जायचे नाही.

मुलांपासून डीमन तोडणे इतके भीषण का?

पहिल्या भागातील सर्वात काळा प्रसंग याच बंधावर घाव घालतो. ‘डस्ट’ नावाचे अदृश्य कण मोठ्या माणसांकडे ओढले जातात, मुलांकडे नाही. चर्चच्या सत्ताधाऱ्यांना हे कण म्हणजे पाप वाटते. डीमन स्थिरावण्याआधीच मुलापासून तोडला तर मूल पापमुक्त राहील, असा त्यांचा तर्क. त्यासाठी गरीब घरांतली मुले पळवून बोल्व्हांगार येथील केंद्रात नेली जातात. लायराला अशा एका मुलाचा शोध लागतो. डीमन गमावलेला तो मुलगा त्याच्या जागी एक सुकी मासळी उराशी धरून बसलेला असतो.

लायरा आणि पॅनही त्या पात्याखाली सापडतात. अखेरच्या क्षणी मिसेस कूल्टर त्यांना सोडवते आणि मग लायराला समजावते, की ही एक छोटीशी कापणी आहे, नंतर डीमन छानशा पाळीव प्राण्यासारखा सोबत राहतो, नकोसे विचार त्रास देत नाहीत. लायरा विचारते, हे इतके चांगले आहे तर मला का वाचवलेस? याचे सरळ उत्तर मिसेस कूल्टरकडे नसते.

या संवादात नात्याचे मर्म आहे. पाळीव प्राणी सांगितले तेवढे करतो. पॅन नकार देऊ शकतो. केंद्रातील परिचारिकांचे डीमन आधीच तोडलेले आहेत. त्या कामसू आणि शांत आहेत, पण त्यांच्यात कुतूहल उरलेले नाही. वाद घालणारे कोणी नसले, की प्रश्न विचारणारेही कोणी उरत नाही.

मग विश्वासघात करते कोण?

लायराच्या हातून मोठा विश्वासघात घडेल, असे भाकीत सुरुवातीलाच केलेले असते. पहिल्या भागाच्या शेवटी तिचा मित्र रॉजर तिच्या नकळत तिच्यामुळेच मृत्यूच्या दारात पोहोचतो, तेव्हा वाचकाला भाकीत खरे ठरल्यासारखे वाटते. तो चकवा असतो. तिसऱ्या भागात लायरा रॉजरला भेटण्यासाठी मृतांच्या प्रदेशात निघते. तेथे डीमनला प्रवेश नाही. दिलेला शब्द पाळण्यासाठी ती पॅनला किनाऱ्यावर सोडून नावेत बसते. विश्वासघात होतो तो त्याचा.

ती परत येते, पण पॅन लगेच धावत येत नाही. तो दूर राहतो, तिला वाट पाहायला लावतो. अखेर दोघे भेटतात आणि पॅन एका रूपात स्थिरावतो. ते रूप असते पाइन मार्टेनचे, झाडांवर वावरणाऱ्या, दाट लालसर-सोनेरी केसांच्या चपळ प्राण्याचे.

विशीत दोघांत अबोला का?

‘द सिक्रेट कॉमनवेल्थ’ (२०१९) मध्ये लायरा साधारण वीस वर्षांची, ऑक्सफर्डमधील विद्यार्थिनी आहे. मृतांच्या प्रदेशातील ताटातुटीनंतर दोघे एकमेकांपासून दूर जाऊ शकतात. हे गुपित जगापासून लपवावे लागते. पॅन रात्री एकटाच भटकतो आणि अशाच एका रात्री त्याच्यासमोर खून होतो. लायरा मात्र अशा पुस्तकांत रमली आहे, जी तर्काने सिद्ध न होणारे सगळे निरर्थक ठरवतात. तिची कल्पनाशक्ती हरवली आहे, असे पॅनला वाटते आणि ती शोधायला तो चिठ्ठी ठेवून निघून जातो.

बाहेरून कोणी पाते चालवलेले नाही. बोल्व्हांगारमध्ये जे सत्तेला जमले नाही, ते जुनी न भरलेली जखम आणि न झालेले बोलणे यांनी घडवले. किनाऱ्यावरच्या त्या दिवसाविषयी दोघे मोकळेपणाने बोललेलेच नसतात. त्यानंतर ती त्याच्या शोधात आशिया खंडाच्या दिशेने निघते. ‘द रोझ फील्ड’ हा त्या प्रवासाचा शेवट. तो वाचूनच कळावा.

पडद्यावर हे नाते कसे दिसले?

२००७ च्या ‘द गोल्डन कंपास’ या चित्रपटाला दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळाले, मात्र कथेचा करुण शेवट त्यात गाळला गेला. बीबीसी आणि एचबीओच्या मालिकेचे (२०१९ ते २०२२) तीन पर्व आले. चित्रीकरणावेळी अभिनेत्री डॅफ्नी कीनसमोर बाहुल्या असत, नंतर संगणकावर प्राणी साकारले गेले. नजर भिडवायला समोर काहीतरी असल्यामुळे दोघांतील जवळीक खरी वाटते.

मराठी वाचकाला हे जवळचे का वाटेल?

मराठीत मन खाते, मन घेत नाही, मनाची समजूत काढावी लागते. समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ लिहिले ते मनालाच समोर बसवून. आपल्यातच कोणी दुसरे आहे आणि त्याच्याशी बोलावे लागते, हे या भाषेला नवे नाही. पुलमन यांनी त्या दुसऱ्याला पंख, पंजे आणि आवाज दिला. मुले वयात येताना आतल्या आवाजावर विश्वास ठेवायला शिकतात किंवा तो दाबायला शिकतात. लायरा दोन्ही करते. तिने एकदा पॅनला किनाऱ्यावर सोडले, एकदा त्याने तिला खोलीत सोडले. आणि दोन्ही वेळा उरलेल्याला दुसऱ्याशिवाय धड जगता आले नाही.