देवळालीच्या मास्तरांचा अंकांचा छंद

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. विद्यार्थी असतानाच १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ साली पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षापासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत मास्तरकी केली. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही, विद्यापीठातली नोकरीही नाही. वर्गात शिकवायचे गणित पोटापाण्याचे होते. उरलेल्या वेळातले गणित मात्र निव्वळ हौसेचे होते. १९८६ साली त्यांचे निधन होईपर्यंत ती हौस टिकली.

या हौसेला अनेक फाटे होते, पण मूळ सवय एकच. संख्या समोर आली की तिची किंमत बाजूला ठेवायची आणि तिचे अंक सुटे करायचे. ते उलटे लावून पाहायचे, त्यांची बेरीज करायची, संख्येचा वर्ग करून तो मधोमध तोडायचा. काही चमत्कारिक दिसले तर पुढची शंभर उदाहरणे हाताने करून पाहायची. आगगाडीची वाट पाहतानाही हे चालत असे. १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांच्या कुळाला त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले ते जी.आय.पी. रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावरून, कारण कल्पना तिथे सुचली. ११, १११, ११११ यांचे वर्ग केले की हे डेम्लो मिळतात. नावे ठेवण्यात मास्तर हौशीच होते: विजया, दत्तात्रेय, मंकी अशी कितीतरी नावे त्यांच्या लेखनात सापडतात.

आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही हर्षद आहे: अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. ज्यांना आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात त्यांचा गुण असा की वर्गाचे दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या परत येते. ४५ चा वर्ग २०२५. २० आणि २५ मिळून ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७.

याहून खोल पाणी ‘स्वयंभू’ संख्यांत आहे. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. २३ पासून निघाले तर २८ येतात, मग ३८, ४९, ६२, ७०, ७७, ९१, १०१ अशी रांग चालू राहते. म्हणजे २३ हे २८ चे जनक. १०१ ला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. उलट काही संख्यांना जनकच नसतो; त्याच स्वयंभू. २० घ्या: १० पासून १०+१=११, ११ पासून १३, १२ पासून १५, १३ पासून १७, १४ पासून १९, १५ पासून २१; एकअंकी संख्यांपासून १८ च्या पुढे जाताच येत नाही; १५ नंतरच्या संख्या तर २० ओलांडूनच जातात. २० कुठेच येत नाही. शंभराच्या आत अशा तेराच संख्या आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. या संख्यांना देवळालीचेही नाव आहे.

रांगेतल्या सगळ्या अंकांची बेरीज हवी असेल तर एकेक अंक मोजत बसावे लागत नाही. शेवटच्या संख्येतून पहिली वजा करायची आणि शेवटच्या संख्येच्या अंकांची बेरीज त्यात मिळवायची. २३ ते ४९ या तुकड्यात ४९ वजा २३ म्हणजे २६, अधिक १३, एकूण ३९. ताळा असा: ५, १०, ११ आणि १३ मिळून ३९. कारण साधेच आहे, प्रत्येक पायरीची वाढ म्हणजेच मागच्या संख्येच्या अंकांची बेरीज; पण ते आधी कोणाच्या तरी नजरेत यावे लागते.

कापरेकरांचे नाव जगभर गेले ते ६१७४ मुळे. हा शोध त्यांनी १९४९ च्या मद्रास गणित परिषदेत मांडला. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे, मोठीतून लहान वजा करायची आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचे. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर:

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

यापुढे ६१७४ हेच उत्तर येत राहते. कोणत्याही संख्येला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत, म्हणजे जन्मवर्षाने सगळ्यात लांबचा रस्ता धरला. कागदावर करताना पुढचे शून्य सांभाळावे लागते. २१११ मधून १११२ गेले की ०९९९ उरतात. शून्य गाळून ९९९ लिहिले तर पुढच्या वजाबाकीत हाती भोपळा येतो. शून्य ठेवले की ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, आणि गाडी रुळावर राहते.

असे का होते? उतरत्या क्रमातल्या पहिल्या व शेवटच्या अंकांतला फरक ९९९ ने गुणायचा, मधल्या दोन अंकांतला फरक ९० ने गुणायचा आणि दोन्ही मिळवायचे. वजाबाकीचे उत्तर तेवढेच. या दोन फरकांच्या जोड्या होतात फक्त ५४. म्हणजे हजारो संख्या पहिल्याच पायरीत ५४ उत्तरांत कोंबल्या जातात, आणि एवढी हाताने तपासणे हे संध्याकाळभराचे काम आहे. पाच अंकी संख्यांत असे एकच मुक्कामाचे ठिकाण नाही. तिथे संख्या फेऱ्यांत फिरत राहतात.

देशातल्या अनेक गणितज्ञांना हे सगळे पोरखेळ वाटले. त्यांच्या बाजूनेही बोलता येईल: अंकांचे हे गुण दशमान पद्धतीवर टेकलेले आहेत, पाया बदलला की ६१७४ चे तेज जाते. पण स्वयंभू संख्यांचा प्रश्न कोणत्याही पायात विचारता येतो, त्यामुळे आक्षेप अर्धाच खरा. मास्तर मात्र परिषदांना जात राहिले आणि पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा निवृत्तीला तेरा वर्षे झाली होती.

तीन अंकी संख्यांत हाच खेळ ४९५ वर थांबतो. तिथे वजाबाकीची उत्तरे ९९ च्या पटीतली नऊच असल्याने आठवीच्या मुलालाही सिद्धता एका पानात लिहिता येते. शिक्षकांनी ती फळ्यावर आधी लिहू नये.