हौशी गायकाचा तंबोरा : किंमत आणि गुण

संगीत हा ज्यांचा व्यवसाय नाही, परंतु जे नित्यनेमाने गातात, अशा गृहस्थांना आयुष्यात एकदा तरी एक प्रश्न पडतो. तो असा की, आपल्यासारख्याने भारी किमतीचा तंबोरा घ्यावा काय? घरातील मंडळींना हा खर्च चैनीचा वाटतो, आणि स्वतः गाणाऱ्यालाही मनातून संकोच वाटत असतो. ‘आपल्या गाण्याला एवढे वाद्य कशाला?’ असे म्हणून पुष्कळ जण प्रथम मिळेल ते हलके वाद्य घेतात. उलट काही जण किंमत हीच गुणाची खूण समजून दुकानातील सर्वांत महाग वाद्य उचलतात. प्रस्तुत लेखात या दोन्ही समजुतींचा विचार करावयाचा आहे. उदाहरणासाठी मिरजेचा तंबोरा घेतला आहे, कारण महाराष्ट्रातील हौशी गायक बहुधा त्याच वाद्याकडे वळतो.

पहिला मुद्दा हौशी माणसाच्या अधिकाराचा. मुरलेल्या गवयाच्या कानात स्वर पक्का बसलेला असतो, त्यामुळे वाद्य थोडे उणे असले तरी तो आपल्या अनुभवाने ती उणीव भरून काढतो. शिकणाऱ्याचे तसे नसते. त्याचा कान अद्याप घडावयाचा असतो, आणि तो घडतो समोरच्या तंबोऱ्यावरच. ज्या वाद्याचा षड्ज क्षणोक्षणी ढळतो, त्याच्या साथीने दहा वर्षे रियाज केला तर तोच ढळलेपणा कानाला अंगवळणी पडतो. म्हणून चांगल्या वाद्याची गरज जाणत्यापेक्षा शिकणाऱ्याला अधिक असते. परंतु ‘चांगले’ आणि ‘महाग’ हे दोन शब्द समानार्थी नव्हेत, आणि येथूनच खरा विचार सुरू होतो.

किंमत कशाकशाची?

मिरजेतील तंतुवाद्यांचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्यांची दुरुस्ती आणि पुढे वाद्यनिर्मिती हाती घेतली. त्यांच्या वंशजांनी व शिष्यांनी ती वाढविली. तंबोऱ्यासाठी लागणारा कडू भोपळा पंढरपूर व मंगळवेढे या भागांतून येतो. दांडी आणि तबली बहुधा तुणीच्या लाकडाची करतात. भोपळा भिजवून, कापून, आतून कामट्यांचा आधार देऊन त्याला आकार देतात व पूर्ण वाळवितात. त्यानंतर गळा जोडणे, तबली बसविणे, दांडी चढविणे, नक्षीकाम, लाखेचे पॉलिश, खुंट्या, तारा आणि सरतेशेवटी जवारी असा हा क्रम आहे.

या क्रमाकडे पाहिले म्हणजे किमतीचे घटक स्पष्ट होतात. भोपळ्याची गोलाई व जाडी, लाकडाचा जुनेपणा आणि सांधेजोड यांचा ध्वनीशी प्रत्यक्ष संबंध आहे. नक्षी, पाने, वेलबुट्टी व रंग यांचा संबंध केवळ डोळ्यांशी आहे. कारागिराच्या नावाला मूल्य आहे, पण ते संभाव्यतेचे मूल्य होय. नामांकित हातातूनही एखादे वाद्य सामान्य निघते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे वाद्य कोठले, याची ग्वाही मिळते. ते वाजते कसे, हे मात्र ग्राहकाच्या कानानेच ठरवावे लागते.

किंमत आणि नाद यांचा संबंध किती शिथिल असू शकतो, याचा बोधप्रद पुरावा व्हायोलिनच्या क्षेत्रात मिळतो. २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ अनुभवी वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे लावून सहा व्हायोलिने वाजविण्यास दिली होती. त्यांपैकी तीन नवी होती, तर दोन स्ट्राडिव्हारी व एक ग्वार्नेरी अशी तीन जुनी होती. जुन्यांची एकत्रित किंमत नव्यांच्या सुमारे शंभरपट होती. तरीही बहुसंख्य वादकांनी नवे वाद्य पसंत केले, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिव्हारीला. २०१२ मध्ये पॅरिसजवळ दहा नामवंत एकल वादकांवर असाच प्रयोग झाला, त्यातही सहा जणांची निवड नवी ठरली. तंबोरा म्हणजे व्हायोलिन नव्हे, हे खरे. तथापि डोळ्यांना दिसणारे व कानावर पूर्वी पडलेले नाव आपल्या श्रवणावर किती अंमल गाजविते, एवढे यावरून निश्चित दिसते.

जवारी : बदलता येणारा गुण

तंबोऱ्याच्या नादाचे रहस्य घोडीत आहे. तारेच्या ज्या बिंदूवर छेड दिली जाते, तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर नादातून लोप पावतात, असा टॉमस यंग यांचा नियम आहे. १९२१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखवून दिले की, तंबोरा व वीणा या वाद्यांत हा नियम लागू पडत नाही, लोप पावावयाचे उपस्वरही स्पष्ट ऐकू येतात. याचे कारण घोडीचा रुंद व किंचित बाकदार पृष्ठभाग. कंप पावताना तार त्या पृष्ठभागाला सतत स्पर्श करीत व सोडीत राहते. तारेखाली सरकविलेल्या सुताने हा स्पर्श नेमका साधता येतो. खर्जाच्या तारेतून जो ‘स्वयंभू गांधार’ निघतो, तो तिचा पाचवा उपस्वर होय. जवारी उत्तम लागली म्हणजे तो विनासायास कानी पडतो.

ग्राहकाने येथे एक भेद ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. जवारी हा वाद्याचा स्थायी गुण नव्हे. तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात व जवारी काही काळाने काढून घ्यावीच लागते. म्हणून दुकानात एखादा तंबोरा झंकारून उठला, तर त्या मोहात त्याच्या बांधणीकडे दुर्लक्ष होऊ नये. तसेच बांधणी निर्दोष असून नाद बसका वाटला, तर केवळ तेवढ्यावरून तो नाकारूही नये. कुशल हात घोडीवर पडला की तेच वाद्य बोलू लागते. जे बदलता येते त्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत, आणि जे बदलता येत नाही त्यात तडजोड करू नये.

परीक्षा

बदलता न येणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. दांडी एका टोकाकडून डोळा लावून पाहावी, ती सरळ असली पाहिजे. घोडीखाली तबली दबलेली नसावी. भोपळ्यावर बोटांनी टिचकी मारीत फिरावे, कोठे आवाज फुटका आला तर तेथे चीर असण्याचा संभव असतो. गळ्याचा सांधा हलता कामा नये. तारा लावून वाद्य तासभर तसेच ठेवावे व पुन्हा ऐकावे, खुंट्या सरकत असतील तर ते तेव्हाच कळते.

सर्वांत मोठी चूक आकाराच्या बाबतीत होते. पुरुषाचा षड्ज बहुधा काळी एकच्या आसपास, तर स्त्रीचा काळी चारच्या आसपास असतो. दोहोंत षड्ज-पंचमाचे अंतर आहे, म्हणजे कंपनसंख्या दीडपट. तारेची लांबी व जाडी तीच ठेवून कंपनसंख्या दीडपट करावयाची, तर ताण दीडच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सव्वादोन पट वाढतो. परिणामी तारा तुटतात, तबली दबते व दांडीला बाक येतो. बारीक तारा चढविल्या तर ताण आटोक्यात येतो, परंतु नाद पोकळ होतो. भव्य दिसतो म्हणून मोठा पुरुषी तंबोरा घेणाऱ्या गायिकेने अधिक पैसे देऊन आपल्या गळ्याला निरुपयोगी वाद्य घेतलेले असते. म्हणून आपली पट्टी अगोदर गुरूंकडून निश्चित करून घ्यावी आणि मगच दुकानात जावे.

जुना तंबोरा विकत घेताना आणखी एक दक्षता आवश्यक आहे. पूर्वी सजावटीसाठी हस्तिदंत वापरीत असत. आज हस्तिदंताचा व्यापार कायद्याने निषिद्ध आहे. तेव्हा अशा वाद्याचा मोह, ते कितीही सुंदर असले तरी, टाळणेच इष्ट.

उपसंहार

विजेवर चालणाऱ्या तंबोऱ्यामुळे व अलीकडे मोबाईलमुळे अखंड षड्ज अल्प खर्चात घरोघरी उपलब्ध झाला आहे. प्रवासात किंवा भाड्याच्या लहान खोलीत राहणाऱ्याला तो मोठाच आधार आहे, आणि त्याला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. मात्र खुंटी पिळून, मणी सरकवून, सूत सारून स्वतः तंबोरा लावताना कानाला जे शिक्षण मिळते, ते कळ दाबून मिळत नाही. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आपले वाद्य आतून जाणणे हा त्यांच्या स्वरसाधनेचाच भाग होता.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. हौशी गायकाने आपल्या ऐपतीत बसणारा, आपल्या पट्टीचा, निर्दोष बांधणीचा आणि साधा तंबोरा घ्यावा. नक्षीवर वाचलेले पैसे गवसणीसाठी, तारांसाठी आणि वेळोवेळी जवारी काढणाऱ्या कारागिरासाठी राखून ठेवावेत. मिरजेतील ही विद्या थोड्या घरांत उरली आहे, आणि मैफली गाजविणाऱ्या मूठभर कलावंतांच्या मागणीवर ती घरे चालणे कठीण आहे. तिचा खरा पोशिंदा घरच्या घरी पहाटे षड्ज लावणारा सामान्य माणूस आहे. त्याने संकोच सोडावा, कान उघडे ठेवावेत आणि पारखून घ्यावे, एवढेच सांगणे.