सामाईक फोल्डर, पण किल्ली कुणाकडे?

बंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा आहे. बायोकॉन आणि नारायणा हेल्थमुळे हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असतं. ऑगस्ट २०२५ पासून 'नम्मा मेट्रो'ची पिवळी मार्गिका आर. व्ही. रोडहून थेट तिथवर जाते. पण या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्यांबरोबर छोटी वर्कशॉपही आहेत, आणि आजची गोष्ट त्यांच्यासारख्यांचीच आहे.

अशा वर्कशॉपचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. चार-पाच कॉम्प्युटर आणि एक राउटर. एकावर ड्रॉइंग, दुसऱ्यावर टॅली, तिसरा स्टोअरवाल्याचा. सर्व्हर नाही, पगारी आयटीवाला नाही. भोसरीत जा, कोल्हापूरच्या शिरोलीत जा किंवा एखाद्या सीएच्या ऑफिसात डोकवा, चित्र फारसं वेगळं नसतं. एका कॉम्प्युटरवर 'कॉमन' नावाचा फोल्डर शेअर केलेला असतो आणि सगळं ऑफिस त्यावर चालतं.

मोठ्या कंपनीत 'डोमेन' असतं. सोसायटीच्या गेटवर एकच वॉचमन आणि त्याच्याकडे सगळ्यांची एक वही, असा तो प्रकार. छोट्या ऑफिसात असतो 'वर्कग्रुप'. इथे प्रत्येक कॉम्प्युटर म्हणजे स्वतंत्र घर, आणि त्याची वही त्याच्याच जवळ. ड्रॉइंगवाल्या कॉम्प्युटरला अकाउंट्सवाल्या ताई कोण हे ठाऊकच नसतं. म्हणून फोल्डर उघडायला गेलं की तो पासवर्ड मागतो, नाहीतर सरळ नकार देतो.

मग कुणीतरी वैतागून 'एव्हरीवन – फुल कंट्रोल' करतो. 'चला, चालू झालं एकदाचं!'

चालू होतं, हे खरं. पण पगाराची शीट स्टोअरमध्येही उघडते आणि ड्रॉइंगच्या नव्या मापावर कुणीतरी नकळत जुनी फाइल सेव्ह करतो. चूक कळते तेव्हा लॉट मशीनवरून उतरलेला असतो. शिवाय खंडणीचे व्हायरस आहेतच. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका जुन्या फटीतून. ती बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता, पण अनेकांनी तो टाकला नव्हता. अपडेट टाकला तरी एक धोका उरतोच. असा व्हायरस एका कॉम्प्युटरवर शिरला, की त्या माणसाला जिथे लिहायची परवानगी आहे तो प्रत्येक सामाईक फोल्डर तो कुलूपबंद करू शकतो. ज्याला फक्त वाचायची मुभा आहे, त्याच्या हातून हे नुकसान होत नाही.

आता उपाय. फोल्डर ज्या कॉम्प्युटरवर आहे त्याच्या वहीत प्रत्येकाच्या नावाचं खातं उघडा. त्या व्यक्तीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर जे युजरनेम आणि पासवर्ड आहेत, तेच इथेही द्या. दोन्हीकडे जुळले की फोल्डर न विचारता उघडतो. डोमेनशिवाय काम चालवण्याची खरी युक्ती एवढीच. उद्या एकीकडे पासवर्ड बदलला तर दुसरीकडेही बदलायचा, ही तिची किंमत. रिकामा पासवर्ड नेटवर्कवरून चालत नाही, आणि रोज टाकतो तो पिनही नाही. तो त्या एका मशीनपुरताच असतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात, असं मला वाटतं.

मग येतात परवानग्या, आणि त्या दोन ठिकाणी असतात. जुना वाडा आठवा: बाहेर दिंडी दरवाजा, आत खोलीचं दार. 'शेअरिंग' ही दिंडी, ती फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला अडवते. 'सिक्युरिटी' हे खोलीचं दार. ते त्याच कॉम्प्युटरसमोर बसलेल्यालाही लागू. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात, आणि दोन्हींत जे कडक असेल तेच चालतं. म्हणून दिंडीवर 'चेंज' एवढी सैल परवानगी ठेवा आणि खोलीच्या दारावर नेमकी नावं लिहा: ड्रॉइंगमध्ये डिझायनरला 'मॉडिफाय', शॉपफ्लोअरला फक्त 'रीड', पगाराच्या फोल्डरवर मालक आणि अकाउंट्स. 'डिनाय'ची खूण शक्यतो टाळा. ती बहुतेक वेळा 'अलाऊ'वर मात करते, आणि पुढे कोण का अडलं याचा पत्ता लागत नाही.

फोल्डर इकडून तिकडे करतानाही लक्ष असू द्या. कॉपी केला तर नव्या जागेच्या परवानग्या लागतात. त्याच ड्राइव्हवर हलवला तर जुन्या बरेचदा सोबत येतात.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर अनेकांचे जुने फोल्डर अचानक उघडेनासे झाले. पासवर्डाशिवाय 'गेस्ट' म्हणून आत शिरण्याची पळवाट मायक्रोसॉफ्टने मूळ सेटिंगमध्येच बंद केली. नेटवर धडाधड सल्ले मिळतात की सेटिंग बदलून ती पुन्हा उघडा. नका उघडू. प्रत्येकाचं खातं तयार करायला एक दुपार पुरते.

साध्या विंडोजवर एका वेळी वीसच जोडण्या चालतात. माणसं त्यापुढे गेली, तर नेटवर्क स्टोरेजचा छोटा डबा किंवा सर्व्हर घ्यायची वेळ आली असं समजा.

आणि कुणी नोकरी सोडून गेलं, तर त्याच संध्याकाळी फोल्डरवाल्या कॉम्प्युटरवरचं त्याचं खातं बंद करा. सगळे एकाच नावाने आत येत असतील, तर त्या दिवशी सगळ्यांचाच पासवर्ड बदलत बसावं लागतं.