खांब चौरस, गोल की चपटा?

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप येथे लहान लहान भूखंड आखण्यात आले. रस्ते, पाणी, मलनिःसारण यांची सोय करून द्यायची आणि घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे, अशी ही योजना. पुढे अनेक बैठ्या घरांवर मजले चढले. वरच्या मजल्यांचा भार अखेर खालच्या खांबांवरच येतो. म्हणून खांबांचा आकार हा येथे घरोघरचा प्रश्न आहे.

लहान खोलीत खांब भिंतीबाहेर आला की कपाट ठेवायलाही अडचण होते. नऊ इंची भिंत म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर. तेव्हा खांब २३० × ४५० मिमी असा चपटा घेतला की तो भिंतीत लपतो. यात बिघडते काय?

वर्गात प्लास्टिकची पट्टी घ्या. सपाट धरून वाकवली तर ती सहज वाकते. कडेवर उभी धरली तर वाकत नाही. प्लास्टिक तेवढेच, बदलली ती दिशा! आयताकृती छेदाचा वाकण्याला होणारा विरोध ‘रुंदी × जाडी³ ÷ १२’ या राशीच्या प्रमाणात असतो. येथे जाडी म्हणजे वाकण्याच्या दिशेतील माप.

आपल्या खांबासाठी ही राशी लांब दिशेने सुमारे १७५ कोटी मिमी⁴, तर आखूड दिशेने फक्त ४६ कोटी येते. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौरस खांबाची बाजू ३२२ मिमी असेल आणि राशी दोन्ही दिशांनी ८९ कोटी. गोल खांबाची ८५ कोटी, तीही सर्व दिशांना सारखी. शिवाय गोल कडे आतल्या काँक्रीटला सर्व बाजूंनी सारखे आवळून धरते. मात्र गोल खांबाचा साचा करणे आणि त्याला भिंत जोडणे कटकटीचे असते.

आखूड खांबावर भार नुसता सरळ खाली येत असता, तर क्षेत्रफळ पाहून भागले असते. पण वारा आणि भूकंप आडवे बल लावतात, तेही कोणत्याही दिशेने. चिंचोळ्या भूखंडावरील घराचे सगळे चपटे खांब लांब बाजूच्या भिंतींत एकाच दिशेने उभे केले, तर रुंदीच्या दिशेने घर दुबळे राहते. त्यावर उपाय दोन: काही खांब काटकोनात फिरवणे, किंवा छेद चौरसाच्या जवळ आणणे.

भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानक १३९२० मध्ये १९९३ साली खांबाची किमान बाजू साधारणपणे २०० मिमी होती. २०१६ च्या आवृत्तीत ती ३०० मिमी झाली. म्हणजे भिंतीत लपणारा २३० मिमीचा खांब जुन्या नियमात बसे, नव्यात बसत नाही.

म्हणून जुन्या घरावर मजला चढवण्यापूर्वी अभियंत्याला ‘खांब किती?’ एवढेच विचारू नये. ‘खांबांच्या लांब बाजू कोणत्या दिशेला आहेत?’ हेही विचारावे.