अर्ध्या सेकंदाचा थांबा

एक बादली पाण्याने भरा आणि सरबत प्यायची नळी घ्या. नळीचं टोक बोटभर बुडवून फुंका. बुडबुडे लगेच आले ना? आता टोक दहा सेंटिमीटर खोल न्या आणि पुन्हा फुंका. (फुंकायचंच हं, ओढायचं नाही!) जरा जास्त जोर लागला. तो जोर म्हणजे '१० सेंटिमीटर पाण्याचा दाब'. अतिदक्षता विभागातले डॉक्टर याच मापाने रुग्णाच्या फुप्फुसांची परीक्षा घेतात.

आपण श्वास घेतो तेव्हा छाती फुगते आणि हवा आत ओढली जाते. ज्याला हे जमत नाही, त्याच्या छातीत व्हेंटिलेटर हवा ढकलतो. पण किती जोराने ढकलायची? खरी मेख इथेच आहे.

१९५२ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वास देणारी यंत्रं पुरेनात. तेव्हा ब्यर्न इब्सेन या डॉक्टरांनी बारा वर्षांच्या एका मुलीला गळ्यातल्या नळीवाटे, रबरी पिशवी हाताने दाबून श्वास दिला. ती वाचली. मग काय, सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले! पिशवी दाबताना हवा सहज जाते की अडते, हे हाताला जाणवतं. यंत्राला असा हात नाही. म्हणून मोजमाप हवं.

हवा अडते दोन कारणांनी. फुगा नळीतून फुगवून पाहा. नळी अरुंद असेल तर त्रास, आणि फुगा नवा, ताठर असेल तरी त्रास. गालांना मात्र दोन्ही सारखेच वाटतात. मग ओळखायचं कसं?

युक्ती अगदी सोपी आहे. यंत्र हवा भरतं आणि अर्धा सेकंद तशीच कोंडून ठेवतं. हवा वाहायची थांबली की नळीचा अडथळा उरतच नाही. आता दिसतो तो दाब फुप्फुस आणि छातीचा! समजा, हवा भरताना दाब ४० पर्यंत चढला आणि थांबताच २० वर उतरला. म्हणजे दोष वाटेत आहे. नळीत कफ असेल किंवा ती दुमडली असेल. पण थांबूनही ३५ च राहिला, तर फुप्फुस किंवा छातीच फुगायला कुरकुरतेय. पहिल्यात कफ ओढून काढायचा, दुसऱ्यात तसं करून सहसा उपयोग होत नाही.

आता थोडं गणित. श्वास सोडल्यावरही यंत्र थोडा दाब राखून ठेवतं, समजा ५. ५०० मिलिलिटर हवा भरल्यावर थांबलेला दाब १५ दिसला, तर १० दाबात ५०० मिलिलिटर, म्हणजे दर सेंटिमीटरला ५०. ठीक आहे. पण ४०० मिलिलिटरलाच दाब २५ झाला, तर उत्तर येतं फक्त २०.

हा आकडा इतका कमी का होतो? लुचानो गात्तिनोनी या इटालियन डॉक्टरांनी १९८०च्या दशकात सीटी स्कॅनवर पाहिलं, तर आजारी फुप्फुसाचा पुष्कळसा भाग पाण्याने भरून मिटलेला! मोठ्या माणसाच्या छातीत हवेला मोकळी जागा उरली होती जेमतेम पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसाएवढी. तिच्यात मोठ्यांचा श्वास कोंबला तर ती जास्त ताणली जाणार आणि इजा होणार.

अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००० साली आले. काहींना दर किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिली, काहींना ६, आणि या दुसऱ्या गटात थांबलेला दाब ३० च्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं. पहिल्या गटात शंभरातले जवळजवळ ४० दगावले, दुसऱ्यात ३१.

यातलं 'किलो' काट्यावरचं नव्हे बरं का! माणूस जाड झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत. ते वजन उंचीवरून काढतात. म्हणून व्हेंटिलेटर लावलेल्या, झोपलेल्या रुग्णाची डोक्यापासून टाचेपर्यंत टेपने उंची मोजणारी नर्स दिसली, तर ती त्याच्या श्वासाचं माप घेत असते.