पाणथरी चाचपणारी माय

विळा आपल्याकडे घरोघरी असतो. रक्तातील तांबडी पेशी त्या विळ्यासारखी वाकडी होते, आणि इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात, म्हणून या रोगाचे नाव सिकलसेल. विदर्भात हा शब्द आता निरक्षर माणसाच्याही तोंडी आहे. परंतु शब्द माहीत असणे वेगळे आणि रोग समजणे वेगळे. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकाच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, हा रोग जितका दवाखान्याचा तितकाच घराचा आणि सोयरिकीचा आहे.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेल असलेल्या मुलाच्या पेशी १० ते २० दिवसांतच फुटतात. मूल फिके पडते, डोळे पिवळसर दिसतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत असा ठणका उठतो की मूल रात्र रात्र रडते. थंडी, ताप, अतिश्रम किंवा पाणी कमी पिणे एवढेही त्याला पुरते. हा रोग जन्मभराचा सोबती असतो.

याहून भयंकर एक गोष्ट आहे. कधी कधी शरीरातील पुष्कळसे रक्त एकाएकी पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, साठून राहते. डाव्या बरगडीखाली पोट फुगते, आणि वेळेवर रक्त न मिळाल्यास मूल काही तासांत दगावते. डॉक्टर कितीही निष्णात असला तरी तेवढ्या वेळात तो प्रत्येक झोपडीत कसा पोहोचणार?

या प्रश्नाचे उत्तर जमैकाने शोधले. आपल्याला तो देश ठाऊक आहे तो क्रिकेटमुळे! तेथील राजधानी किंग्स्टन येथे डॉ. ग्रॅहम सर्जंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ पासून १९८१ पर्यंत एक लाख नवजात बालकांचे रक्त तपासले. ज्यांना रोग निघाला त्यांच्या आयांना त्यांनी एक साधी विद्या शिकविली : बाळाच्या डाव्या बरगडीखाली बोटांनी हलकेच चाचपावयाचे, पाणथरी एरवी केवढी लागते ते लक्षात ठेवावयाचे, आणि ती अचानक वाढलेली लागली व बाळ फिके दिसले, तर तडक दवाखाना गाठावयाचा. यास ना यंत्र लागले ना पदवी. पूर्वी अशा दर १०० प्रसंगांत सुमारे २९ मुले दगावत, ती संख्या ३ वर आली. ही आकडेवारी १९८५ साली प्रसिद्ध झाली.

आपल्याकडे हे जसेच्या तसे उचलता येणार नाही. हिवतापाच्या मुलखात पाणथरी आधीच वाढलेली असू शकते. म्हणून आपल्या बाळाची नेहमीची पाणथरी केवढी, हे मायला पक्के ठाऊक हवे. शिवाय भारतातील रुग्ण मुलांची पाणथरी पुष्कळदा मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहते, तेव्हा हे चाचपणे दोन-तीन वर्षांत संपत नाही. आणि रोग जन्मतःच कळला पाहिजे. गावात होणारी साधी विद्राव्यता चाचणी पहिल्या सहा महिन्यांत भरवशाची नसते, त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणीच लागते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत रोगाचे निर्मूलन करण्याचे तिने ठरविले आहे. संकल्प मोठा आहे. पण बोटातून रक्त काढावयास मिनिट लागते, समजावून सांगावयास संध्याकाळ लागते, आणि ती संध्याकाळ कोणी मोजत नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे शेजारपाजारचे लोक तपासणीचे कार्ड माझ्याकडे वाचावयास आणतात. 'वाहक' हा शब्द दिसला की मायमाउलीचा चेहरा उतरतो. वास्तविक वाहक हा रुग्ण नव्हे. तो तुमच्या-माझ्यासारखा शेतात राबतो. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले की, वाहकांना हिवतापापासून काहीसे संरक्षणच मिळते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भारपणात चारांत एक अशी रुग्ण मूल होण्याची शक्यता असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात असा कोणताच दोष नसेल, तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. हा हिशेब मी अंगणात चार खडे मांडून दाखवितो, तेव्हा कुठे तो पटतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावातील एका मुलीची ठरलेली सोयरीक तिचे कार्ड पाहून मोडली. मुलाचे रक्त कोणी तपासलेच नव्हते. आता आमच्या आशाताई बोलणी सुरू झाल्याचे कानावर येताच दोन्ही घरी जातात, आणि कार्ड आधी मुलाचे मागतात.