मॅरेथॉनचे अखेरचे बारा किलोमीटर जड का जातात?

अलीकडच्या वर्षांत जानेवारी महिन्यात होणारी चेन्नई मॅरेथॉन सूर्योदयापूर्वीच सुरू केली जाते. उन्हाचा त्रास टळावा, हा त्यामागील हेतू. मात्र चेन्नईत जानेवारीतील पहाटेचे तापमानही २० अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि सागरी हवा दमट असते. ४२.१९५ किलोमीटरच्या या शर्यतीत तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास अनेक धावपटूंचे पाय एकाएकी जड होतात. याचे मूळ स्नायूंतील इंधनाच्या हिशेबात आहे.

आहारातील कर्बोदके शरीरात ग्लायकोजेनच्या रूपाने साठवली जातात. स्नायूंमध्ये हा साठा साधारणतः ३०० ते ५०० ग्रॅम, तर यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास असतो. त्यातून सुमारे दोन हजार उष्मांक मिळतात. ६० किलो वजनाच्या धावपटूला पूर्ण शर्यतीसाठी अंदाजे अडीच हजार उष्मांक लागतात. शरीरातील मेदाचा साठा याहून कितीतरी मोठा असतो. परंतु मेदापासून ऊर्जा संथ गतीने मिळते आणि तितक्याच ऊर्जेसाठी प्राणवायूही अधिक लागतो. त्यामुळे ग्लायकोजेन संपत आले की वेग कमी करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

एका स्नायूतील ग्लायकोजेन दुसऱ्या स्नायूच्या उपयोगी पडत नाही, हेही महत्त्वाचे. स्वीडनमधील योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग स्वतःवरच केला होता. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने, पूर्ण थकेपर्यंत पेडल मारले. सुईने घेतलेल्या नमुन्यांत श्रमलेल्या पायाचे ग्लायकोजेन जवळजवळ संपलेले, तर दुसऱ्या पायातील साठा बहुतांशी शाबूत आढळला. पुढील तीन दिवसांच्या कर्बोदकयुक्त आहारानंतर श्रमलेल्या पायातील साठा दुसऱ्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला! शर्यतीपूर्वी भात, इडली, पोळी यांचे प्रमाण वाढवण्यामागील शास्त्रीय आधार तो हाच.

उष्ण हवामानात मात्र हा साठा लवकर रिता होतो. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत, २० अंशांच्या तुलनेत ४० अंश तापमानात व्यायाम करताना स्नायूंतील ग्लायकोजेनचा वापर वाढल्याचे दिसून आले. स्नायूंचे वाढलेले तापमान आणि रक्तातील ॲड्रेनलिनची वाढ ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. उष्ण हवेची सवय झाल्यावर हा वाढीव वापर काही अंशी घटतो. म्हणूनच थंड प्रदेशातून चेन्नईस येणाऱ्या धावपटूंनी अधिक सावध राहणे इष्ट.

नियमित सरावाने स्नायूपेशींतील तंतुकणिका वाढतात, मेदाचा वापर सुधारतो आणि ग्लायकोजेनची बचत होते. धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेण्याचा सल्ला दिला जातो. निव्वळ पाण्याने ही गरज भागत नाही. शर्यतीनंतर योग्य आहार घेतला, तरी स्नायूतंतूंना झालेल्या इजेमुळे ग्लायकोजेनचा साठा पूर्ववत होण्यास कधी कधी आठवडाही लागतो.